धारची नीळ, देवासचा कागद आणि माझी थाप

धार आणि देवास पाहायला जाणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे. पोहे कुठे खावेत, टेकडीवर कोणत्या वेळी चढावं, बाफले किती खाल्ल्यावर हात आखडता घ्यावा, सगळं सांगेन. पण आधी एक गोष्ट स्वच्छ करतो. ब्लूप्रिंट या शब्दाचा जन्म धारला झाला नाही. देवासलाही झाला नाही. तसं समजणारं धारला एक घर आहे, देवासला एक घर आहे, आणि दोन्ही घरांना तसं सांगणारा माणूस मी आहे.

तरुणपणी मी सरकारी खात्यात ट्रेसर होतो. इंजिनिअरने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचा आणि मग त्याच्या निळ्या प्रती काढायच्या, हे काम. आम्ही त्या प्रतींना फेरो म्हणायचो, साहेब ब्लूप्रिंट म्हणायचे. पहिली नोकरी धारला, मग बदली देवासला. पुढे पुण्यात आलो, संसार झाला, म्हातारा झालो, आणि तिकडे काय पेरून आलोय हे विसरलो.

दोन फोन

या वर्षी होळीच्या सुमारास एका सकाळी धारहून अण्णा घारपुरेचा फोन आला. अण्णा माझा त्या काळातला मित्र. त्याने आधी मी जिवंत आहे याची खात्री करून घेतली आणि मग म्हणाला, साक्षीला यायचंय.

प्रकरण असं होतं. अण्णाची नात मृण्मयी पीथमपुरात मोटारींच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. देवासच्या बाळासाहेब बिवलकरांचा नातू अथर्व तिथेच औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. दोघांच्या शिफ्टच्या बसगाड्या एकमेकींना लागून उभ्या राहतात. बाकीचं त्या दोघांनी आपसांत ठरवलं. दोन्ही घरं जुनी, संस्थानी कारकुनीतली, पत्रिका जुळलेली. राहिली होती ती फक्त वडीलधाऱ्यांची बैठक. त्या बैठकीत चहा आल्यावर अण्णाने सहज सांगितलं की जगाला ब्लूप्रिंट देणारं घराणं आमचं. बाळासाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तुमचं नव्हे, आमचं. अण्णा म्हणाला, तुम्ही चोरलंत. तो कप तसाच राहिला आणि साखरपुडाही.

मी आंघोळीला उठतो तोच देवासहून बाळासाहेबांचा फोन. त्यांनाही साक्षीदार हवा होता, आणि तो मीच होतो. मी दोघांनाही येतो म्हणालो.

सुमन, म्हणजे आमची ही, भाजी निवडत सगळं ऐकत होती. तिला सारं सांगितल्यावर ती म्हणाली, "दोन्ही पंगतींना जेवलात ना? मग आता दोन्हीकडची खरकटी काढा. मी येते. तुम्ही एकटे गेलात तर तिसरी गोष्ट सांगून याल."

थापेची कुळकथा

धारला गणेशोत्सवात एका वर्षी ऐन वेळी व्याख्याते आले नाहीत. मंडळाने मला उभं केलं, विषय नकाशे. मी खरं तेच सांगायला सुरुवात केली होती. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज शास्त्रज्ञाला सापडलं की लोखंडाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कागदाला लावले आणि वर ऊन पडू दिलं, तर कागद धुतल्यावर गर्द निळा होतो. ऊन जिथे अडतं तिथे पांढरा राहतो. त्याला आपल्या टिपणांच्या प्रती हव्या होत्या. एका बाईने याच रीतीने समुद्रातल्या शेवाळांची चित्रं घेतली. पुढे रेल्वे, पूल, जहाजं बांधणाऱ्यांनी ही युक्ती उचलली, कारण तोवर एका नकाशाच्या दहा प्रती म्हणजे दहा वेळा हाताने गिरवणं. निळ्यावर उमटलेलं म्हणून ब्लूप्रिंट. बस, एवढंच.

पण पहिल्या रांगेत अध्यक्ष, अण्णाचे वडील दादासाहेब, पेंगायला लागले होते. त्यांचे आजोबा दरबारात नकाशे काढत, हे मला ठाऊक होतं. मी त्या इंग्रजाला बाजूला केलं आणि त्याच्या जागी दादासाहेबांच्या आजोबांना उभं केलं. आजोबांनी नकाशाच्या रेघांवर मेण ओढलं, कागद रंगाऱ्याच्या निळीच्या हौदात बुडवला, रेघा पांढऱ्या राहिल्या, आणि ते पाहून रेसिडेन्सीतला साहेब ओरडला, ब्लू प्रिंट! दादासाहेब ताठ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पुरणपोळीला बोलावणं आलं.

वर्षभराने देवासला बदली झाली. तिथे बिवलकरांच्या घरी जेवताना कोणीतरी नकाशांचा विषय काढला. देवासला एके काळी एकाच गावात दोन राजे होते, मोठी पाँती आणि छोटी पाँती, एकाच घराण्याच्या दोन शाखा. रस्ते वाटलेले, बाजार वाटलेला. मी म्हटलं, दोन्ही राजांना एकमेकांची शाई चालेना, तेव्हा तुमच्या पणजोबांनी निळा कागद घेतला आणि पांढरी रेघ ओढली. जगातली पहिली ब्लूप्रिंट ती. दुसऱ्या खेपेला वाटीत बासुंदी होती. नमुना म्हणून मी कचेरीतली एक वाया गेलेली फेरो त्यांना नेऊन दिली. असा कागद असायचा, म्हणालो.

पुरणपोळी आणि बासुंदी. त्या वयात माणूस याहून कमी गोष्टींसाठी खोटं बोलतो.

धार

अण्णाचं नवं घर तिरल्याच्या रस्त्याला आहे. सकाळी पोहे. आमच्या पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि लिंबाची फोड. इथे मूठभर शेव, वर जिरावण नावाचा चटपटा मसाला आणि शेजारी गरम जलेबी. सुमनने पहिल्या दिवशी जलेबी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी तिने माझी खाल्ली.

अण्णा काळी टोपी घालतो, घरातही. त्याचं मराठी मला नेहमीच गमतीचं वाटतं. पूजेला बसला की आजोबांच्या वेळचं, आणि उठला की निम्मं मालवी. देवापुढे "मातुःश्रींच्या आज्ञेवरून" म्हणेल आणि फोनवर "भिया, टेन्शन नको घेऊ".

दिवाणखान्यातल्या कपाटात एक चांदीचं तबक होतं. त्यावर इंग्रजीत अण्णाच्या पणजोबांचं नाव आणि खाली ब्लूप्रिंटचे जनक, अशा अर्थाचं काहीतरी. हे व्हाइसरॉयने दिलं, असं अण्णा म्हणाला. माझ्या मूळ थापेत व्हाइसरॉय नव्हता. मी गेल्यावर ती एकटीच वाढत गेली होती.

मला घरात बोलायचा धीर होईना. मी अण्णाला लाट मशिदीकडे घेऊन गेलो. तिथे जुना लोखंडी स्तंभ तुकडे होऊन पडला आहे. ओट्यावर आडवे ठेवलेले ते तुकडे उन्हात तापलेले असतात. शेजारी एका झाडाखाली बसून मी सगळं सांगितलं. मेण खोटं, हौद खोटा, साहेब खोटा.

अण्णा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, बिवलकरांना खोटं सांगितलंस हे मला माहीतच होतं, तू कबूल केलंस हे बरं झालं.

"अण्णा, तुमच्याकडेही खोटंच सांगितलं."

त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग मी त्याला खरं काय ते समजावलं, क्षार, ऊन, पाणी. लोखंड हा शब्द आल्यावर त्याने मान वळवली आणि समोरच्या स्तंभाकडे बराच वेळ पाहिलं.

"लोखंड म्हणालास ना? तेपण क्षारवालं?" तो म्हणाला. "मग भिया, एवढं लोखंड कोणाच्या गावात आहे? देवासच्या?"

 मी त्याच्या पणजोबांच्या हातातली नीळ काढून घेतली होती, त्याने जाता जाता लोखंड उचललं.

संध्याकाळी मृण्मयी शिफ्टवरून आली. चुणचुणीत मुलगी. मराठी बोलते झरझर, वाचते मात्र बोट ठेवून. तळ्यावर फिरायला गेलो तेव्हा तिने मला मांडवची इमली, म्हणजे आपली गोरखचिंच, खायला दिली. पांढरा आंबट गर, चघळत राहायचं, बोलता येत नाही. बोलत तीच होती.

"नाना, मला सच्ची सच्ची सांगा. आम्ही ऑफिसात दिवसभर ब्लूप्रिंट, ब्लूप्रिंट करतो. पेपरमधे पण येतं, सरकारची ब्लूप्रिंट, पक्षाची ब्लूप्रिंट. पण माझ्या स्क्रीनवर तर सगळं काळं असतं. ब्लू कुठे आहे?"

मी इमलीची बी थुंकून तिला सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली की आजोबांना बोलून काही होणार नाही, ते ऐकत नाहीत, बघतात. करून दाखवा. अथर्व सामान आणेल, ट्रेसिंग मी काढते. काय काढणार, विचारलं, तर म्हणाली, आमचं घर. अजून बांधायचंय, पण प्लॅन डोक्यात तयार आहे.

तिने रात्री अथर्वला फोन केला. रविवारी देवासला, बिवलकरांच्या गच्चीवर. अण्णा येणार नाही म्हणाला, मग म्हणाला येईन, पण आपली नीळ घेऊन. बाग नावाच्या गावातल्या एका रंगाऱ्याशी त्याची ओळख होती. तिथून त्याने नीळ मागवली. शिवाय पिण्यासाठी पाण्याचं कॅन भरून घ्यायला सांगितलं. देवासच्या पाण्याचा भरवसा नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

देवास

सुमन आणि मी एक दिवस आधी देवासला गेलो. इथे एकटं असं काही नाही. टेकडीवर देवीदेखील दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा, सख्ख्या बहिणी. एकीला नारळ फोडला की दुसरीला फोडावाच लागतो. सुमन दोघींपुढे हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, थोरलीपाशी तुम्हाला बुद्धी, धाकटीपाशी मला धीर.

बाळासाहेब बिवलकर शाळेत मुख्याध्यापक होते. उंच, टक्कल, आवाज अजूनही वर्गातला. मला ते दत्तोपंत म्हणतात आणि सुमनला वहिनी. दुपारी त्यांच्या सूनबाईंनी बाफले केले होते. पिठाचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे, आणि डाळीत कुस्करून खायचे. तिसऱ्यानंतर माणसाने खुर्चीतून उठायचा विचार सोडून द्यावा. मी तो सोडला आणि समोरच्या भिंतीकडे नजर गेली.

भिंतीवर चौकट, चौकटीला झेंडूचा हार, आणि आत माझी फेरो.

तीच, वाया गेलेली. कडेला पाण्याचा डागसुद्धा तोच. बाळासाहेब म्हणाले, ही पणजोबांची मूळ प्रत. कधी ती "नमुना" होती आणि कधी "मूळ प्रत" झाली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी उठून जवळ गेलो. कागद उलटा लावला होता, खालची बाजू वर, म्हणून कोणाला वाचता येत नव्हता. मला वाचायची गरज नव्हती. ती अक्षरं मीच काढली होती. सरकारी विश्रामगृहासाठीच्या सार्वजनिक शौचकूपाचा तो नकाशा होता, पुरुषांसाठी डावीकडे, स्त्रियांसाठी उजवीकडे.

सुमनने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिने ओळखलं की काहीतरी आहे. सूनबाई भांडी उचलून आत गेल्यावर तिने मला कोपराने ढोसलं. उद्या धारची माणसं आल्यावर निघालं तर काय तोंड राहील, म्हणाली, आत्ता सांगा.

आधी मी मूळ थाप कबूल केली. बाळासाहेब हसले. घारपुऱ्यांना फसवलंत ते छान केलंत, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हालाही. ते म्हणाले, शक्य नाही. आज नोटा छापतात त्या कुठे? देवासला. छपाई या गावच्या रक्तात आहे, त्याशिवाय सरकार इथे कारखाना काढेल?  मग मी भिंतीकडे बोट केलं आणि तो नकाशा कशाचा आहे ते सांगितलं.

ते उठले. चष्मा पुसला. मान वाकडी करून, जवळजवळ खांद्याला टेकवून, त्यांनी तो कागद वाचला. पुरुष. स्त्रिया. मग परत येऊन बसले.

"दत्तोपंत," ते म्हणाले, "दसऱ्याला मी याला सोनं वाहतो."

यापूर्वी मला इतकी शरम वाटली असेल तर ती आठवत नाही. हसूही येत होतं, आणि त्यामुळे शरम आणखी वाढत होती. मी माफी मागितली.  ते एवढंच म्हणाले की धारवाल्यांना हे कळता कामा नये, कळलं तर हे लग्न या जन्मी होत नाही. मग त्यांनी स्टूल घेतलं, चौकटीचा हार सरळ केला आणि खाली उतरले. कागद उलटाच राहू दिला.

त्या संध्याकाळी जेवणात बासुंदी होती. माझ्या वाटीत नव्हती.

गच्ची

रविवारी सकाळी अथर्व दोन बाटल्या घेऊन आला. इंदूरच्या दुकानातून आणलेल्या. गोड मुलगा, सगळ्यांना "जी" लावतो. मला नानाजी, त्याच्या आजोबांना आजोबाजी. एका बाटलीवरच्या नावात सायनाइड ही अक्षरं होती. हे तसलं विष नव्हे, असं त्याने तीनदा सांगितलं, पण सूनबाईंनी कोठीच्या खोलीतल्या लोणच्याच्या बरण्या, पापडांचा डबा आणि शेवटी देवांनासुद्धा हलवलं, तेव्हाच ती अंधारी खोली आम्हाला दिली. तिथे ब्रशने मी कागदांना द्रावण लावलं. 

धारची गाडी आली. अण्णा टोपी घालून, मागून पाण्याचं कॅन, निळीची पुडी, मेणाची वडी. कॅन पाहून बाळासाहेबांच्या कपाळाची शीर उडाली. दोघांनी नमस्कार केला, एकमेकांना नव्हे, सुमनला.

आधी पूर्वजांच्या पद्धती. अण्णाने मेणाने रेघा ओढल्या आणि कागद निळीच्या बादलीत बुडवला. बाहेर काढताना निम्मा कागद बादलीतच राहिला. उरलेला निम्मा अण्णाच्या धोतराला लागला. बाळासाहेबांनी निळ्या कागदावर पांढऱ्या शाईने सुंदर रेघ ओढली. मृण्मयीने विचारलं, आजोबा, आता याची दुसरी कॉपी? त्यांनी दुसरा कागद घेतला आणि पुन्हा रेघ ओढली. ती पहिलीसारखी आली नाही. अण्णा खूश झाला. धोतर निळं असूनही खूश झाला.

मग माझी पाळी. अंधारातून द्रावण लावलेला कागद आणला, वर मृण्मयीचं ट्रेसिंग, वर काच, चारी बाजूंना चिमटे. चौकट गच्चीवर उन्हात ठेवली. कचेरीत असताना आम्ही हेच करायचो आणि मग विडी ओढायला जायचो. पावसाळ्यात तर महिना महिना एक प्रत निघत नसे, आणि साहेब आकाशाकडे बघून शिव्या द्यायचे. आता ऊन मालव्याचं, चैत्राच्या तोंडावरचं. चहा होईपर्यंत काम होईल, म्हणालो.

मी, सुमन आणि मुलं पाणी भरायला खाली गेलो. कागद धुवायला कपड्यांचा मोठा टब हवा होता. टाकीत पाणी बेताचंच होतं, नेमका तो देवासला नळाला पाणी न येण्याचा दिवस निघाला. म्हणून अण्णाचं कॅनही टबात ओतलं. खालून सूनबाईंनी दोघांना चहाला हाक मारली, ते आले नाहीत.

वर गेलो तेव्हा कळलं. आपण उठलो तर समोरचा काहीतरी चलाखी करील, या भीतीने दोघेही जागचे हलले नव्हते. चौकटीच्या पूर्वेला खुर्च्या ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून, दोघे पुढे वाकून तिच्याकडे एकटक बघत बसले होते. बोलत नव्हते. पापणीही हलवत नव्हते.

मी चौकट आत नेली, कागद सोडवला आणि टबात सोडला. आधी हिरवट, मळका. मग पाण्यात पिवळं काहीतरी सुटलं आणि खालून निळं वर येऊ लागलं. मी हे असंख्य वेळा पाहिलं आहे. तरी टबावर वाकून पाहत राहिलो. मृण्मयीने काढलेल्या रेघा एकेक करून पांढऱ्या उमटल्या. ओसरी, स्वयंपाकघर, जिना. कष्टाने काढलेली मराठी अक्षरं. "ओह तेरी," अथर्व म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

मग सगळ्यांचं लक्ष एकाच जागी गेलं. कागदाच्या मध्याला दोन फिकट डाग होते, माणसाच्या डोक्याएवढे, एकमेकांना लागून. त्या दोन डागांत निळं आलंच नव्हतं, म्हणून आतल्या पांढऱ्या रेघाही दिसत नव्हत्या.

"इथे काय होतं?" बाळासाहेबांनी विचारलं.

मृण्मयी म्हणाली, तुमच्या खोल्या. एक देवासच्या आजोबांची, एक धारच्या आजोबांची. दोघं आमच्याकडे राहायला याल तेव्हा. मधे एक भिंत होती.

"मग गेली कुठे?"

मी जे खरं ते सांगितलं. ऊन अडलं की लोखंड तसंच राहतं आणि पाण्यात वाहून जातं. ऊन तुम्ही अडवलंत. या तुमच्या सावल्या आहेत.

दोघे टबावर वाकले. अण्णाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि डागांकडे पाहिलं.

"माझ्याकडे अजून कागद आहेत," मी म्हणालो, "दुसरी काढतो, स्वच्छ."

"नको," दोघे एकदम म्हणाले. आणि एकदम बोलल्याबद्दल दोघांनाही राग आला.

मग वाद सुरू झाला. डावा डाग कोणाचा, उजवा कोणाचा. अण्णा म्हणाला, वर जरा टोक आहे तो माझा, टोपी आहे ती. बाळासाहेब म्हणाले, ते टोक माझ्या कानाचं आहे. वाद बराच चालला, पण आता ते एकमेकांशी बोलत होते, आणि अण्णाने न विचारता सूनबाईंनी आणून ठेवलेला बाळासाहेबांचा चहा उचलून प्यायला. बाळासाहेबांनी ते पाहिलं. 

थोड्या वेळाने ते अथर्वला म्हणाले, ही सुकली की हॉलमध्ये लाव. जुनी काढ.

"अहो, ती तर तुमच्या पणजोबांची," अण्णा म्हणाला. खवचटपणे नव्हे, खरोखरच.

बाळासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं नाव येणार. पण ते अण्णाकडे वळले आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "घारपुरे, ते शौचकूप आहे. पुरुषांचं डावीकडे."

अण्णा हसला नाही. हसला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्याने निळं धोतर सारखं केलं, टोपी पुढे ओढली.

"आमचं तबक पण," तो म्हणाला. "इंदूरच्या सराफ्यातून मीच करवलंय. व्हाइसरॉय वगैरे काय नाही."

मग मात्र दोघे हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना एकदम आठवलं की हे सगळं कोणामुळे झालं. दोघांनी मिळून मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. प्रवासवर्णन घरातली मुलंही वाचतात. एवढंच सांगतो की इतकं एकमत त्या दोन घरांत त्याआधी कधी झालं नव्हतं. साखरपुड्याचा दिवस त्या शिव्यांच्या मधल्या वेळातच ठरला. जेवायला पुरणपोळीही होती आणि बासुंदीही. दोन्ही यजमानांच्या संमतीने माझ्या ताटात वरणभात वाढला.

परत आल्यावर

शौचकूपाची हकीकत लिहू का, असं मी बाळासाहेबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, खुशाल लिहा, साखरपुड्यात मीच सगळ्यांना सांगितली. ती निळी प्रत कुठे लावायची यावर पुन्हा एकदा बोलाचाली झाली. शेवटी देवासच्या जुन्या रिवाजाने वाटणी केली: चैत्रापासून भाद्रपदापर्यंत बिवलकरांकडे, पुढे घारपुऱ्यांकडे. भिंत नसलेलं ते घर असं दोन गावांत फिरतं.

परवा अण्णाचा फोन आला. घरी कोणी पाहुणे बसले होते वाटतं. मोठ्याने म्हणाला, "दत्तू, तूच सांग यांना. एवढा निळा रंग आला तो धारच्या पाण्याने आला की नाही? देवासच्या पाण्याने आला असता का?"

पाहुणे ऐकत होते. अण्णा वाट बघत होता. "होय" एवढाच शब्द होता, आणि तो माझ्या ओठांवर आला होता. सुमन समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबवला.

मी म्हणालो, "अण्णा, अर्धं कॅनचं होतं, अर्धं टाकीतलं."

 मग त्याने फोन ठेवला. संध्याकाळी बाळासाहेबांनी देवासच्या पाण्याबद्दल तेच विचारलं, मी तेच सांगितलं. त्यांनीही ठेवला.